देवघर पुढे कोणाकडे?

सांजवात

सासूबाई जाऊन दीड महिना झाला. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले आणि देवघर पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हाती आलं. ताम्हनात देव काढले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दोन शाळिग्राम, बाण, शंख, घंटा आणि चांदीचे पाच टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेल्या छोट्या प्रतिमा. घोड्यावरचा खंडोबा ओळखू येतो, अष्टभुजा भवानीही. उरलेले तीन कोणाचे ते मला माहीत नाही. अडतीस वर्षं या घरात आहे, दर दसऱ्याला रिठ्याच्या पाण्याने मीच ते घासलेत, पण कधी विचारलं नाही. आता विचारायला कोणी नाही.

मुलगा टोरांटोला. सून गुजराती, माझ्यापेक्षा भाविक, पण तिचे ठाकुरजी वेगळे, त्यांची सेवा वेगळी. मुलगी बंगळुरूला एकटी राहते. तिला विचारलं तर म्हणाली, "आई, देवावर राग नाही गं माझा. पण रोज आंघोळ घालायला माझ्याकडे वेळ नाही." यात तिचं काय चुकलं?

हिंदू धर्माचं पुढच्या पिढीत काय होणार यावर कुठेही गेलं तरी चर्चा चालू असते. कोणी म्हणतं पोरं नास्तिक होताहेत, कोणी म्हणतं देवळांत एवढी तरुण गर्दी कधी नव्हती. मला दोन्ही दिसतं. पण माझा प्रश्न गर्दीचा नाही. रांगेत चार तास उभा राहणारा मुलगा घरचे टाक नेईल का? आमच्याकडे धर्म म्हणून जे काही होतं ते बहुतेक स्वयंपाकघर ते देवघर एवढ्याच अंतरात होतं. चंपाषष्ठीची तळी, भरीत-रोडगा, नवरात्रातला घट, गौरींचं पुरण, कुळधर्माची सवाष्ण. आमच्या घरी जसं होतं तसं ते कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, सासूकडून सुनेकडे आलं. मी त्यातली शेवटची सून असेन असं वाटतं.

तुमच्या घरी काय ठरलंय? खरं खरं लिहा. 'संस्कार कमी पडले' एवढं सोडून काहीही चालेल, ते ऐकून झालंय.

खडूस_काका

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

आता जरा गंभीरपणे. आमचे देव मी सात वर्षांपूर्वी बँकेच्या लॉकरात ठेवले. दसऱ्याला बाहेर काढतो, फुलं वाहतो, दुसऱ्या दिवशी परत आत. देवांनी अजून तक्रार केलेली नाही. लॉकरचं भाडं तेवढं वाढलंय.

रिंगण

वय २६, पुण्यात आयटीत. घरी पूजा करत नाही, त्यावरून आईशी वाजतं. पण वारीचं यंदा चौथं वर्ष. पहिल्या वर्षी ऑफिसच्या लोकांबरोबर आळंदी ते पुणे एवढंच, एक दिवस. टोपी, टी-शर्ट, फोटो, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या वर्षी रजा टाकून दिवेघाट चढून सासवडपर्यंत. गेल्या वर्षी पूर्ण, पंढरपूरपर्यंत, जवळजवळ अडीचशे किलोमीटर.

आमच्या दिंडीत परभणीकडचे शेतकरी जास्त. वीणेकरी बाबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "माळ आहे का?" नाही म्हणालो. "बरं. टाळ धरता येतो?" तोही येत नव्हता. मग टाळ शिकवला. जात विचारली नाही, पगार विचारला नाही, देव मानतोस का हेही नाही. रात्री तंबूत सत्तरीचे एक आजोबा 'माउली, पाय द्या इकडं' म्हणून माझेच पाय चोळायला बसले तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सत्यनारायण मला सोसत नाही. प्रसाद टाळला म्हणून साधुवाण्याच्या जावयाची नौका बुडते हे दहाव्या वर्षीही पटलं नव्हतं. पण हरिपाठ पाठ झाला, न ठरवता. घरच्या हिशेबात तरी मी अधार्मिकच.

(वारीतही सगळं गोड नाही. रिंगणात घोड्यापेक्षा मोबाइल जास्त दिसायला लागलेत. असो.)

पाठशाळेतला

मी भिक्षुकी करतो. आठव्या वर्षी पाठशाळेत गेलो, याज्ञिकी केली. तरुणांना धर्म नको झालाय असं म्हणणाऱ्यांनी माझी डायरी बघावी. वास्तुशांत, उदकशांत, गणेशयाग, नवी गाडी, नवं ऑफिस. चांगल्या मुहूर्ताला महिनाभर आधी तारीख मिळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत व्हिडिओ कॉलवर पूजा सुरू झाल्या, त्या परदेशातल्या यजमानांनी बंदच केल्या नाहीत. पहाटे चारला उठून मी कॅलिफोर्नियातल्या गृहप्रवेशाचा संकल्प सांगितला आहे. देशकाल सांगताना 'जंबुद्वीपे भरतवर्षे' म्हणायचं की नाही यावर आमच्यात वाद आहेत, ते पुन्हा कधी.

फरक आहे तो वेगळा. लग्नात खरा यजमान हल्ली फोटोग्राफर. "गुरुजी, जरा थांबा, हार परत घालू द्या." सप्तपदीला तो मला बाजूला सरकवतो. जोडप्यांत मला दोन प्रकार दिसतात. एक 'लवकर आटपा'वाले. दुसरे प्रत्येक मंत्राचा अर्थ विचारणारे, आणि हे दुसरे वाढताहेत. पहिल्यांदा एका मुलीने कन्यादानाच्या वेळी थांबवून विचारलं, "मी दान द्यायची वस्तू आहे का?" मी गप्प बसलो. पाठशाळेत मंत्र घोकून घेतले होते, अर्थ नव्हता शिकवला. घरी येऊन भाष्यं काढून बसलो. आता मी लग्नाआधी जोडप्याला भेटतो आणि काय करायचं, काय गाळायचं ते मिळून ठरवतो. काही ज्येष्ठ माझ्याशी बोलत नाहीत.

पुण्यात बायकांना पौरोहित्य शिकवायला सत्तरच्या दशकात सुरुवात झाली, ज्ञान प्रबोधिनीतही शिकवतात. आमच्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. आज एकाच दिवशी दोन कामं आली की मी एका बाईंचा नंबर देतो. यजमान त्यांनाच पुन्हा बोलावतात हे माझं दुखणं.

आणखी एक खरं दुखणं. लग्न जमायला मला नऊ वर्षं लागली. मुलींना धार्मिक मुलगा चालतो, भटजी चालत नाही.

उंबरठा

सांजवातताई, 'शेवटची सून' वाचून अडले. मुलीला विचारलंत, सुनेचं सांगितलंत. मुलाला विचारलंत का?

तुमच्यावर राग नाही. आमच्याकडेही असंच. गौरी तीन दिवस. सोळा भाज्या, पुरण, पंचामृत, कडबोळी, धाबळी नेसून पहाटेपासून आई आणि काकू. पुरुष आरतीला येतात, आणि तीही हल्ली स्पीकरवर लावतात. मग सगळे हळहळतात की पुढची पिढी हे करणार नाही. पुढची पिढी म्हणजे मी. माझा भाऊ पुढच्या पिढीत धरलेलाच नाही.

पंधराव्या वर्षी आईने पाळी पुढे ढकलायची गोळी हातावर ठेवली. मला उलट्या झाल्या, त्या अवस्थेत मी गौरींपुढे रांगोळी काढली, सगळ्यांनी कौतुक केलं. देव तेव्हाही नकोसा झाला नाही. स्वयंपाकघराच्या दारात 'शिवू नकोस' ऐकणं नकोसं झालं. नवरा गेल्यावर आजीला हळदीकुंकवातून उठवलं, तेही मी बघितलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा आजी हयात नव्हती. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर बायकांना खुला झाला. घरातल्या ओट्यासाठी कुठल्या कोर्टात जायचं?

मी आता वेगळी राहते. गौरी बसवते. एक भाजी, एक गोड, पाळी असली तरी. आईला सांगितलेलं नाही.

रिकामटेकडा

उंबरठा, +१. शेवटची ओळ तर फारच.

भिडस्त

थोडे आकडे. प्यू रिसर्च या संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३०,००० लोकांच्या मुलाखती घेतल्या, अहवाल २०२१ चा. हिंदू म्हणून वाढलेले पण आता स्वतःला हिंदू न म्हणणारे एक टक्क्याहून कमी, आणि जवळपास तेवढेच बाहेरून आत आलेले. तेव्हा 'हिंदू उरणार नाहीत' हा घोर कोणी लावून घेऊ नये.

त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त विचित्र वाटली. गोमांस खाणारा हिंदू असू शकत नाही असं मानणारे हिंदू ७२ टक्के. देव न मानणारा हिंदू असू शकत नाही म्हणणारे ४९ टक्के. देवाशी काय नातं आहे यापेक्षा ताटात काय आहे यावर जास्त लोकांचं एकमत!

माझा चुलतभाऊ तेवीस वर्षांचा. गाडीवर झेंडा, डीपीला झेंडा, मिरवणुकीत सगळ्यात पुढे. कुलदैवत कोणतं विचारलं तर काकूला फोन लावतो. त्याला हिंदू असण्याचा अभिमान आहे, हिंदू म्हणून करायचं मात्र काहीच उरलेलं नाही. म्हणून अभिमान एवढ्या मोठ्या आवाजात लावावा लागतो असा माझा संशय आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, हे त्याला सांगून बघितलं. मला धर्मद्रोही ठरवून मोकळा झाला.

निळाई

धागा शांतपणे वाचत होते. रिंगण, तुझी वारी खरी आहे, पण जात विचारली नाही म्हणतोस. आडनाव सांगितलं होतंस ना?

आम्ही बौद्ध. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, नागपूरला होते. त्याआधी पणजोबा नाशिकला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, पुढे काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. मग १९३५ ची बाबासाहेबांची येवल्याची घोषणा, हिंदू म्हणून मरणार नाही. पंढरपुरात आम्हाला आत जाता यावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. दाराबाहेर उभे होते ते तेव्हाचे तरुणच होते. तुम्ही आज विचारताय तो प्रश्न त्यांनी विचारून झाला होता, आणि उत्तर मिळाल्यावर ते निघून गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाख बौद्ध आहेत, तो त्या उत्तराचा हिशेब.

हेही लिहिते, कारण सांजवातताईंनी खरं लिहा म्हटलंय. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा आजीला तोंडपाठ होत्या. पण परसात लिंबाखाली मरीआईचा एक दगड होता आणि आषाढात ती कोणी बघत नसताना त्याला कुंकू लावायची. आजोबांना माहीत होतं. ते त्या वेळी मुद्दाम बाहेर जायचे.

सह्याद्रीपुत्र_९६

झालं, आणली जात. प्रत्येक धाग्यावर तेच. इतर धर्मांवर लिहायची हिंमत आहे का?

संपादक मंडळ

धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारं भांडण, होऊ देऊ नका. यानंतर आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषय देवघर आणि पुढची पिढी हा आहे आणि निळाई यांचा प्रतिसाद विषयाला धरूनच आहे.

रिंगण

निळाई, आडनाव विचारलं होतं. खरंय. लिहिताना ते मला आठवलंसुद्धा नाही.

चौकस

हिंदू कोण, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात कसा आला होता ते इथे सांगण्यासारखं आहे. स्वामिनारायण पंथातल्या सत्संगींचं म्हणणं होतं की आम्ही हिंदू नाही, वेगळे आहोत, म्हणून हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा आमच्या मंदिरांना लागू नाही. १९६६ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, म्हणजे आपलेच. त्यांनी व्याख्येसाठी टिळकांचा आधार घेतला: वेदांना प्रमाण मानणं, साधनांची अनेकता, उपास्य कोणतं याला नियम नसणं. दाराबाहेर ठेवण्यासाठी हिंदूपण नाकारणारे लोक, आणि दार उघडण्यासाठी त्यांना हिंदू ठरवणारं न्यायालय. निळाईंनी सांगितलेल्या इतिहासाची ही उलटी बाजू.

त्या व्याख्येत आजच्या मुलांना बसवून बघा. वेद उघडून पाहिलेला मुलगा माझ्या तरी ओळखीत नाही. उरलेल्या दोन अटींत मात्र ही पिढी चपखल बसते. सोमवारी योग, गुरुवारी स्वामींचा मठ, शनिवारी भजन क्लबिंग, सुट्टीत केदारनाथ. नियम नाहीच!

तिकडची

न्यू जर्सीहून. मुलं ८ आणि १२. रविवारी बालविहारला, म्हणजे मुलांच्या धर्मवर्गाला, नेतो. भारतात मी कधी गीतेचा वर्ग केला नाही, इथे मुलांमुळे बारावा अध्याय पाठ झाला. इथे धर्म आपोआप अंगाला लागत नाही. शेजारून आरतीचा आवाज येत नाही, शाळेला गणपतीची सुट्टी नाही. जे मुद्दाम कराल तेवढंच. त्यामुळे मुलं विचारतात, आणि भलतंच विचारतात. धाकटा म्हणाला, "स्वतःच्या मुलाचं डोकं कापणारा बाबा देव कसा?" मी उत्तर दिलं नाही. नवऱ्याने प्रतीकांबद्दल काहीतरी सांगितलं. मुलगा म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

खरं सांगायचं ते माझ्या शेजारणीबद्दल. ती त्रिनिदादची. तिचे पूर्वज बिहारकडून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेले. त्रिनिदादला पहिलं जहाज १८४५ मध्ये पोचलं. तिला भोजपुरी येत नाही, हिंदी येत नाही. गोत्र माहीत नाही, कुलदैवत नाही. पण अंगणात वेळूच्या काठीला हनुमानाची झेंडी आहे आणि घरात रामचरितमानस. चौपाया इंग्रजी लिपीत लिहिलेल्या, सुरात म्हणते, डोळ्यांतून पाणी येतं. मी तिला विचारलं, काय टिकलं आणि काय गेलं? म्हणाली, जहाजावर सगळे एकाच भांड्यातलं जेवले, तिथेच सोवळं संपलं, जातही बरीचशी विरघळली. चार घरांनी मिळून करायचं होतं ते उरलं.

हा धागा मी तिला भाषांतर करून सांगितला. टाक म्हणजे काय ते समजावताना फोटो दाखवला, माझ्या माहेरच्या देव्हाऱ्याचा. तिने विचारलं, "म्हणजे तुमच्यात मेलेल्या माणसांचे फोटो देवांत ठेवतात?" मी नाही म्हणाले. मग वाटलं, खरंच नाही का?

आजीचा_बटवा

तिकडची, तुमच्या शेजारणीने बरोबर धरलंय.

सांजवात, ते तीन टाक पुन्हा नीट बघा. एकटा पुरुष, हातात तलवार किंवा भाला, असं असेल तर तो वीर. घरातला अकाली गेलेला पुरुष, बहुतेकदा बिनलग्नाचा किंवा लढाईत पडलेला. नाशिककडे धुळवडीला वीरांचे टाक वाजतगाजत मिरवतात आणि गोदावरीवर नेतात. एकटी बाई असेल तर दोन शक्यता. एखादी गावदेवी किंवा सटवाई. नाहीतर सवतीचा टाक. पहिली बायको गेली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालत. ती दुसरीही गेली की तो टाक देवांत जाई. टाकाला वर कडी आहे का बघा. असेल तर तो गळ्यातला.

विभक्त झाल्यावर धाकट्यांनी नवे टाक करून घ्यायचे आणि जेजुरीला देवभेटीला न्यायचे, हे आमच्याकडे नेहमीचं. तेव्हा देव एकाच घरात राहिले पाहिजेत हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. झिजलेले टाक मोडून नवे घडवतात, नाहीतर नदीत सोडतात. देव बदलत आलेत.

खडूस_काका

आमच्या लॉकरात चार टाक आहेत. एकाला कडी आहे असं वाटतंय. सोमवारी बँक उघडली की बघून येतो.

सांजवात

उशिरा येते आहे, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, निळाईंचा दोनदा.

कडी आहे.

मिस्टरांच्या आत्याबाई वाईला असतात, वय ९१. त्यांच्याकडे टाक घेऊन गेले. तलवारवाला वीर, त्यांच्या आजोबांचा भाऊ, प्लेगात गेला, लग्न ठरलेलं होतं. दुसऱ्या टाकावर बाईच आहे, पण कडी नाही. कोण ते त्यांनाही माहीत नाही. तिसरी, कडीवाली, आजेसासऱ्यांची पहिली बायको. पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तिचं नाव काय विचारलं तर आत्याबाई बराच वेळ आठवत बसल्या. "थोरली म्हणायचे सगळे," एवढंच म्हणाल्या. आमच्या आजेसासूबाई शेवटपर्यंत ती गळ्यात घालून होत्या. हे मी गेली अडतीस वर्षं घासत होते.

उंबरठा, मुलाला विचारलं नव्हतं, तुझं खरं. परवा विचारलं. दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, खंडोबा मी नेतो, पण तळी कशी भरायची ते व्हिडिओ करून पाठव. आता गंमत बघ, तळी पुरुषांनी उचलायची, मी फक्त ताटात भंडारा, खोबरं ठेवत आले, पुढचं मलाच सांगता येईना. मिस्टरांना उभं करून व्हिडिओ केला. 'येळकोट'नंतर काय म्हणायचं ते तेही अर्धंच विसरलेत. तळीला पाच जण लागतात. मुलगा म्हणतो तिथे पाच पुरुष जमले नाहीत तर बायको आणि तिच्या मैत्रिणी धरतील. मिस्टर काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे बहुतेक हो असतं.

मुलीला थोरलीचं सांगितलं. देवांना रोज आंघोळ घालायला वेळ नाही म्हणणारी माझी मुलगी, तिने तो टाक मागून घेतला. पूजा करणार नाही, अभ्यासाच्या टेबलावर ठेवणार म्हणते. चालेल म्हटलं.

भवानी, वीर आणि ती अनोळखी बाई माझ्याकडे राहतील, मी आहे तोवर. गौरींचे मुखवटे मात्र अजून कोणी मागितलेले नाहीत.